निळ्या साबणाची वडी

आमचे मिलिंदराव तेरा महिने झाले गॅरेजात पाऊल टाकत नाहीत. दोन गाड्या मावतील एवढं गॅरेज आहे, आत हीटर आहे, बटण दाबलं की दार वर जातं. पण साहेबांची गाडी बाहेर, बर्फात. रोज सकाळी सातला उठायचं आणि काच खरवडत बसायचं. उणे पंचवीस असो की उणे तीस, नाक लाल, कान लाल, खर्र खर्र खर्र. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते. बर्फ शोव्हल करायचं फावडंसुद्धा बायकोकडून गॅरेजातून आणवून पोर्चवर ठेवलंय. का, तर ते घ्यायला आत जावं लागू नये. विचारलं की म्हणतो, "आई, आत दादाची गाडी आहे. मला नाही बघवत."

नाही बघवत म्हणे. मी नंदनची आई. मला बघवतं, आणि ह्याला नाही.

नंदन माझा थोरला, मिलिंद धाकटा. दोघा भावांनी मिळून इथे कॅनडात हे घर घेतलं, कनाटा गावाच्या पुढे वीस मिनिटांवर, तळ्याच्या काठी. वर दोघांचे संसार, खाली बेसमेंटात मी. मिलिंद कनाटात कंपनीत इंजिनियर. नंदन ट्रक दुरुस्तीच्या शॉपमध्ये. शिक्षणाने धाकटा पुढे गेला, हाताने थोरला. गॅरेजातली ही स्नोमोबिल, बर्फावरून पळणारी चाळीस वर्षांची गाडी, नंदनने शेजारच्या म्हाताऱ्याकडून घेतली आणि पोरीसारखी जपली.

गेल्या जानेवारीतला शुक्रवार. तळ्याच्या पलीकडे एक बाई एकटी राहते, तिचा घर तापवायचा फर्नेस बंद पडला. रस्त्याने गेलं तर चाळीस मिनिटं, गोठलेल्या तळ्यावरून दहा. नंदनने दुपारी चारला स्नोमोबिल काढली. तळ्याच्या मधोमध ती बंद पडली. तो पुढे चालत निघाला. वारा सुटला होता, उणे एकतीस. फोन थंडीने मेला. आम्हाला वाटलं काम लांबलं, त्या बाईला वाटलं आज येत नाही. सकाळी सापडला, तिच्या काठापासून चारशे पावलांवर.

पोलिसांनी गाडी ओढून आणून दिली. म्हणाले, टाकीत थेंब नाही.

टाकी भरायचं काम अनुयाचं, नंदनच्या बायकोचं. आदल्या दिवशी तिने पंपावरून कॅन भरून आणला होता. तेराव्याला मी तिला चौदा माणसांसमोर विचारलं. ती म्हणाली, "आई, मी गळ्यापर्यंत भरली होती. अख्खा कॅन ओतला."

"मग पेट्रोल काय माशांनी प्यालं?" मी म्हटलं. "रिकाम्या टाकीवर नवऱ्याला बर्फात धाडलंस, आणि वर खोटं बोलतेस?"

ती ताट तसंच ठेवून उठली. मिलिंद माझ्या शेजारीच बसला होता. वाटीतली खीर ढवळत होता. ते मला आजही दिसतं, चमचा गोल गोल फिरत होता.

आणखी एक गोष्ट मी तिच्या नावावर लावून ठेवली होती. घरात वॉशिंग मशीन आहे, पण शर्टाच्या कॉलरी मी हाताने घासते, कराडहून आणलेल्या निळ्या वडीने. नंदन जायच्या आठवड्यात नव्या वडीचा एक कोपरा गायब झाला. बोटांनी कोरून काढल्यासारखा. अनुयाला विचारलं तर म्हणाली, मी हात लावला नाही. मी म्हटलं, कॅनडाचे उंदीर साबण खात असतील मग. त्यामुळे टाकीचं ऐकलं तेव्हा माझा निकाल आधीच झालेला होता. साबणाला खोटं बोलते ती पेट्रोललाही बोलणार.

मार्चमध्ये ती ऊर्मीला घेऊन दूर किचनर शहरात निघून गेली. ऊर्मी माझी नात, बारा वर्षांची. मी दर रविवारी फोन करते. ती म्हणते, "हाय आजी. आय ॲम गुड. ओके, बाय." एवढंच. आधी हीच पोर माझ्या पांघरुणात घुसून भुताच्या गोष्टी मागायची.

तर ह्या फेब्रुवारीत, एका सोमवारी, सुरुची खाली आली. सुरुची मिलिंदची बायको. मनाने बरी आहे, पण बोलते अशी की मी बँकेच्या रांगेत उभी आहे.

"आई, शनिवारी एक माणूस येतोय. स्नोमोबिल नेणार आहे, पार्ट्ससाठी."

"पार्ट्ससाठी म्हणजे?"

"म्हणजे तोडून. मिलिंदने जाहिरातीत लिहिलंय, इंजिन सीझ झालंय, जाम."

"कोणी बघितलं सीझ झालेलं?"

"ती सुरूच होत नाही ना, आई."

"सकाळी मी पण लवकर सुरू होत नाही. मला पण तोडून देणार?"

ती हसली नाही. मीही हसवायला बोलले नव्हते.

आमचे हे, सुधाकर मिस्त्री, कराडला कोल्हापूर नाक्यावर गॅरेज चालवायचे. ते गेल्यावर सहा वर्षं मी चालवलं. चौथी शिकलेली बाई. पहिल्या वर्षी गिऱ्हाईक गाडी लावायचं आणि विचारायचं, मिस्त्री कुठाय? मी म्हणायची, तुझ्यापुढं उभाय. आमच्या दारातून कुठलीही गाडी ढकलत बाहेर गेली नाही. भंगारात द्यायची असली तरी आधी सुरू करायची, मग द्यायची. हे म्हणायचे, मेलेली गाडी विकतो तो भंगारवाला, आपण मिस्त्री. आणि माझ्या पोराची गाडी मी मेलेली जाऊ देणार होते?

अंगावर नंदनचं जुनं जॅकेट चढवलं, गॅरेजात गेले आणि झाकण काढलं. दोरी हळूच ओढून बघितली. इंजिन दाब धरत होतं, फिरत होतं. सीझ-बीझ काही नाही. मिलिंदने न बघताच लिहिलं होतं. मला तेव्हाच टोचायला हवं होतं. पण मी खुश झाले, म्हटलं, पोरगं वह्यापुस्तकांचं, त्याला काय कळतं.

टू-स्ट्रोक इंजिन. म्हणजे आमच्या जुन्या स्कूटरची थोरली जाऊ. बर्फाची असली म्हणून काय झालं, खाते पेट्रोलच. कार्बोरेटर सोडवून टेबलावर घेतला. खालची वाटी उघडली तर तळाशी शेवटचा घोट वाळून काकवीसारखा चिकटलेला. नंदनच्या गाडीचा शेवटचा घोट. मी तो बोटाने पुसला आणि बराच वेळ बोट तसंच धरून बसले. मग पुढच्या कामाला लागले. जेटचं भोक केसाएवढं असतं. जुन्या चार्जरची वायर सोलली, तिची एक तार घातली, तोंडाने फुंकलं, उजेडापुढं धरलं. पलीकडचा दिवा दिसेपर्यंत फुंकत राहिले. पेट्रोलचे पाइप वाळक्या शेंगेसारखे झाले होते, वाकवले की मोडत होते. एक तुकडा कापून सुरुचीच्या हातात दिला.

"असाच आण. पेट्रोलचा. पाण्याचा आणलास तर परत पाठवीन."

"आई, मिलिंदला आवडणार नाही."

"त्याला मी आवडायला करत नाहीये."

तिने पाइप आणला. इंजिनाला पेट्रोल ओढून देणाऱ्या पंपाचा पडदा कडक झाला होता, तोही तिने मागवून दिला. मिलिंदला सांगितलं नाही. मिलिंद मात्र रोज संध्याकाळी जेवताना विचारायचा, "आई, दिवसभर काय केलं?" आणि माझ्या नखांकडे बघायचा. बुधवारी म्हणाला, "जाऊ दे ना, आई. इट्स जंक. शनिवारी जाईल ती."

"जाईल. आपल्या पायांनी जाईल."

त्याचा हात भाकरीवर थांबला. "टाकी काढलीस का?"

"नाही अजून. का?"

"नाही, असंच. पेट्रोल असेल तर डेंजरस असतं, म्हणून."

"तिच्यात थेंब नव्हता, तुला माहीत नाही का?" मी म्हटलं. तो उठून गेला. मी त्याची उरलेली भाकरी खाल्ली. अन्न टाकत नाही मी.

गुरुवारी कार्बोरेटर, पाइप, पंप सगळं जागेवर बसवलं. टाकी अजून धुवायची होती, म्हणून कराडची रीत केली. तिथं शेजारी दवाखाना होता, त्यांच्या सलाइनच्या रिकाम्या बाटल्या आम्ही आणायचो. बाटलीत पेट्रोल भरायचं, वर टांगायची, नळी थेट कार्बोरेटरला. गाडी सलाइनवर. इथे पाण्याची बाटली घेतली, तुळईला टांगली. गॅरेजचं दार पूर्ण वर केलं, दोरी ओढायला सुरुचीला लावलं. सहाव्या ओढीला इंजिनाने खोकून घेतलं, पांढरा धूर सोडला आणि धरलं.

"ओ माय गॉड, आई!" सुरुची ओरडली. तिने मला मिठी मारली. आठ वर्षांत पहिल्यांदा. मी पण मारू दिली.

शुक्रवारी सुरुची कामाला गेल्यावर टाकी काढायला घेतली. प्लास्टिकची टाकी, पुढे खोबणीत बसवलेली. खालून सोडवायला गेले तर हाताला काहीतरी पट्टी लागली. बॅटरी लावून बघितलं. टाकीच्या खालच्या कोपऱ्याला रबराचा तुकडा, सायकलच्या ट्यूबचा, आणि त्यावरून एक पट्टी गुंडाळून गाठ मारलेली. पट्टी ढिली होऊन एका बाजूला सरकली होती. गाडीचं पोटही तिथेच आत चेपलेलं, खालून कशावर तरी आदळल्यासारखं.

टाकी टेबलावर आणली. वर्तमानपत्र पसरलं. पट्टी सोडली, रबर काढलं. कोपऱ्याला बोटभर चीर होती. आणि चिरेच्या वरच्या अर्ध्या भागात काहीतरी भरलेलं, वाळून भेगाळलेलं. खालचा अर्धा भाग उघडा.

नखाने खरवडलं. निळं होतं.

मी ते नाकाला लावलं. वास घ्यायची गरज नव्हती, तरी घेतला.

हे आमचं काम आहे. सुधाकर मिस्त्रीच्या हाताचं. टाकी फुटली आणि झाळायला वेळ नाही, तर चिरेत साबण चोळायचा, वर ट्यूबचा तुकडा, वर पट्टी. साबणाला पेट्रोल खात नाही. महिना महिना टिकतो. मिलिंद लहान असताना साबण भरायचं काम त्याचंच असायचं, कारण त्याची बोटं बारीक. आणि ह्या घरात माणसं जेवायला आली की मी हीच गोष्ट फुशारकीने सांगायची, फुटक्या टाकीला साबण लावून नवरदेव कसा मांडवात पोचवला. लोक टाळ्या वाजवायचे.

पण साबणाला पेट्रोल खात नसलं तरी पाणी खातं. पावसाळ्यात हे साबण लावायचेच नाहीत. आणि उन्हाळ्यातसुद्धा लावला, की टाकीवर खडूने मोठी फुली मारायचे आणि गिऱ्हाइकाला दोनदा बजावायचे, बाबा, साबण आहे, गाव गाठलं की झाळून घे. फुली मारल्याशिवाय गाडी सोडायची नाही.

इथे गाडीच्या पोटात बर्फ उडतो, इंजिनाच्या उबेने वितळतो, टाकी त्या पाण्यात. आदल्या दिवशी थंड गॅरेजात साबण टिकला असणार. तळ्यावर गेल्यावर सुटला. अनुयाने गळ्यापर्यंत भरलेलं पेट्रोल थेंब थेंब माझ्या लेकराच्या मागे बर्फावर सांडत गेलं.

टाकी सगळीकडून फिरवून बघितली. फुली नव्हती.

मग ती पट्टी उलगडली. तिच्यावर अक्षरं छापलेली होती. इंग्रजी मला वाचता येत नाही. पण ती अक्षरं मी तीन वर्षं रोज सकाळी चहा ओतताना बघत आले आहे. मिलिंदच्या गळ्यात ऑफिसचा बिल्ला असतो ना, त्या बिल्ल्याची पट्टी होती.

 हीटर लावायचा राहिला होता, पाय बधिर झाले. आधी मला मिलिंद आठवला नाही. अनुया आठवली, ताट ठेवून उठलेली. तिने भाताला हातसुद्धा लावला नव्हता.

पाच वाजता त्याची गाडी दारात आली. मी दार वर केलं, बाटली भरली आणि दोरी धरली. काल सुरुचीला सहा ओढी लागल्या होत्या. मला दोन पुरल्या.

आवाज ऐकून तो ऑफिसच्या बुटांवर घसरत पळत आला. "आई! बंद कर! बंद कर ते!" तेरा महिन्यांनी पाऊल आत पडलं.

मी नळी चिमटीत धरली. इंजिनाने आत होतं तेवढं पिऊन घेतलं, वर चढलं, दोनदा खोकलं आणि थांबलं. एकदम शांत झालं. तळ्यावर असंच झालं असेल. ते मला कळलं आणि त्यालाही कळलं, कारण त्याने कानांवर हात ठेवले.

मग त्याने टेबलाकडे बघितलं.

"ओळखतोस?" मी विचारलं.

"जुनं असेल. दादाने लावलं असेल कधीतरी."

"दादाच्या गळ्यात तुझ्या ऑफिसची पट्टी कुठून आली?"

तो उलट्या बादलीवर बसला. "आय वॉज गोइंग टू टेल हिम, आई. आय स्वेअर, आय वॉज..."

"इंग्रजीत नको. इंग्रजीत सगळं अपघात वाटतं. मराठीत सांग."

सांगायला त्याला वेळ लागला. नंदन गेला त्याआधीच्या रविवारी तो ड्यूटीवर होता. ह्याने न विचारता गाडी काढली. बर्फाखाली झाडाचा बुंधा होता, त्यावर आदळली. "दादा ओरडला असता. तुला माहितीये तो गाडीला कोणाला हात लावू द्यायचा नाही. मी नवीन टाकी ऑर्डर केली होती. दुकानवाले म्हणाले मंगळवारी, मग म्हणाले पुढच्या आठवड्यात. तोवर म्हणून साबण लावला. बाबांसारखाच."

"बाबांसारखा? फुली कुठाय?"

तो बुटावरचा बर्फ नखाने खरवडू लागला.

"फुली मारली असतीस तर नंदनने पाय ठेवला असता का गाडीवर?"

"गुरुवारी सांगणार होतो. मग राहिलं. शुक्रवारी मी ऑफिसात होतो, मला काय माहीत तो तळ्यावर जाईल."

"आणि तेराव्याला? तेव्हा कुठं होतास? माझ्या शेजारीच होतास."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. डोळे लाल, पण रडत नव्हता. "तू वहिनीवर कशी तुटून पडलीस, आठवतंय तुला? मी बोलणार होतो आई, खरंच. तोंड उघडलं होतं. मग वाटलं, ही माझ्यावर अशी आली तर मी जिवंत राहणार नाही. आणि तो एक दिवस गेला. मग कसं बोलायचं तेच कळेना."

हे त्याने खोटं सांगितलं नाही. माझ्या जिभेला मी आयुष्यभर मिरवलं. गिऱ्हाईक घाबरायचं, दीर-जावा घाबरायच्या, मला ते आवडायचं. माझं पोर त्या जिभेला इतकं घाबरलं की त्याने ती दुसऱ्याच्या पोरीवर चालू दिली. आणि मी चालवली, जोरात चालवली.

आता तो हुंदके देत होता. जवळ घ्यावंसं वाटलं. एकच उरलाय आता. हात उचलला होता मी. पण तो हात अनुयाच्या डोक्यावर कधी ठेवला नव्हता, विधवा झाली त्या दिवशीसुद्धा नाही, म्हणून खाली घेतला.

फळीवर ऊर्मीची खडूंची बादली अजून तशीच होती. उन्हाळ्यात ड्राइव्हवेवर चित्रं काढायची ती. त्यातला गुलाबी खडू घेतला आणि टाकीवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फुली मारली. खडू मोडला. मग मी बोलले.

"ऐक, मिलिंद. साबण आम्ही शिकवला, त्याची फुशारकी मी मारली, तेवढा वाटा माझा. अनुयाला चौदा माणसांत खोटी ठरवली तीही मीच. त्यासाठी तिचे पाय मी धरीन, तुला मध्ये पडायचं कारण नाही. पण भावाला सांगितलं नाहीस, आणि नंतर त्याच्या बायकोला माझ्या तोंडी देऊन खीर ढवळत बसलास, ते तुझं. मी जिवंत आहे तोवर ते माफ होणार नाही, आणि खरं तर ते माफ करायचा हक्क माझा नाही, अनुयाचा आहे. उद्या कोणी माणूस येणार नाही, फोन करून सांग त्याला. ही गाडी ऊर्मीची. उद्या सकाळी ही टाकी मागच्या सीटवर ठेवायची, अशीच, साबणासकट. किचनरपर्यंत तू चालवायचं. अनुयाच्या दारात माझ्याआधी तू तोंड उघडायचं, आणि मराठीत. ऊर्मी तिथे असली तर तिच्यासमोर. पोलिसांना सांगा म्हणाली तर सांगायचं. दार लावून घेतलं तर पायरीवर उभं राहायचं, थंडी किती असते ते कळेपर्यंत. आता ऊठ. तुझी गाडी आत घे. उद्या सकाळी खरवडत बसायला वेळ नाही."